बूस्टर बंदराला लागेपर्यंत

शनिवार : ऑरलँडो ते केप कॅनाव्हरल

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर रॉकेट उडताना पाहायला जगभरातून माणसे येतात आणि उड्डाण झाले की त्याच रात्री परतीला लागतात. आम्हाला मात्र त्यानंतर तीन-चार दिवसांनी बंदरात जे घडते ते पाहायचे होते. स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचा पहिला टप्पा, ज्याला सगळे बूस्टर म्हणतात, तो उड्डाणानंतर साधारण साडेआठ मिनिटांनी भर समुद्रातल्या एका तरत्या तळावर उभा उतरतो, हे आता घरोघरी पडद्यावर पाहिले जाते. पण किनाऱ्यापासून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर उतरलेला, चाळीस मीटरपेक्षा उंच असा तो रिकामा खांब हिवाळ्यातल्या अटलांटिकमधून उभाच्या उभा बंदरापर्यंत कसा आणतात, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. माझी उमेदीची वर्षे मुंबई बंदरात टगवर, म्हणजे जहाजे ओढणाऱ्या नौकेवर, गेली. उंच आणि डोलणारे ओझे पाण्यावरून ओढून आणताना पोटात काय होते ते मला ठाऊक आहे, म्हणून निवृत्तीनंतर अमेरिकेत भाचीकडे जाण्याचा योग आला तेव्हा मी तिच्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली.

ऑरलँडोच्या विमानतळापासून 528 क्रमांकाचा महामार्ग सरळ पूर्वेला जातो आणि सत्तरएक किलोमीटरवर पोर्ट कॅनाव्हरल येते. वाटेत इंडियन रिव्हर आणि बनाना रिव्हर लागतात. नावात नदी असली तरी दोन्ही खाऱ्या पाण्याच्या उथळ खाड्या आहेत आणि त्यांवरचे लांब पूल ओलांडताना दूरवर प्रक्षेपणतळांचे मनोरे दिसू लागतात. आम्हाला ते दिसले नाहीत, कारण वायव्येकडून कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, नेमकी त्याच दुपारी किनाऱ्यावर पोहोचली होती आणि पाऊस आडवा येत होता.

मोटेल चालवणारे दांपत्य मूळचे आणंदचे निघाले. आम्ही कशासाठी आलो हे कळल्यावर त्या बेन हसल्या नाहीत, उलट काउंटरमागून एक वही काढून त्यांनी आम्हाला दाखवली. त्यात गेल्या काही महिन्यांतील उड्डाणांच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष झालेल्या तारखा शेजारी शेजारी लिहिलेल्या होत्या, आणि हिवाळ्यातल्या पानांवर दोन्ही रकाने क्वचितच जुळत होते. खोली रोजच्या रोज वाढवून घेता येईल अशी सोय त्यांनी आपणहून केली. येथे येणाऱ्यांनी मुक्कामाचे आरक्षण असेच लवचिक ठेवावे, आणि परतीचे विमान उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी तर मुळीच ठेवू नये.

रविवार : बंदर

पाऊस ओसरला होता, पण वारा पडला नव्हता. बंदराच्या मुखाशी दक्षिण बाजूला जेटी पार्क आहे. तिथे वाळूचा किनारा, खडकांचा बांध आणि खाडीमुखाला लागून गेलेला मासेमारीचा लाकडी धक्का आहे. बंदरात शिरणारे प्रत्येक जहाज या धक्क्यासमोरून इतक्या जवळून जाते की डेकवरच्या माणसांचे चेहरे ओळखता यावेत. बाहेरगावच्या गाड्यांना येथे प्रवेशशुल्क पडते आणि उड्डाणाच्या दिवशी जागा लवकर भरते, तेव्हा सकाळीच जावे हे बरे. बंदराच्या आतल्या बाजूस 'द कोव्ह' नावाचा भाग आहे. तिथल्या खाणावळींच्या सज्जातून समोरचे उत्तरेकडचे मालधक्के दिसतात आणि स्पेसएक्सचे काम तिकडेच चालते.

धक्का रिकामा होता. 'अ शॉर्टफॉल ऑफ ग्रॅव्हिटास' हे लांबलचक नाव असलेली ड्रोनशिप, जिला इथले हौशी लोक लघुरूपाने 'एसॉग' म्हणतात, दोन दिवसांपूर्वीच टगच्या दोरावर बाहेर पडली होती. ड्रोनशिप म्हटल्यावर डोळ्यांपुढे जहाज येते, पण मुळात ती मालवाहू बार्ज, म्हणजे सपाट तळाची नौका, आहे. बार्जला पंख जोडून तिचा डेक सुमारे 90 मीटर लांब आणि 50 मीटर रुंद करण्यात आला आहे आणि सर्व दिशांना वळणारे थ्रस्टर, म्हणजे पाणी ढकलणारी यंत्रे, बसवून तिला एका जागी स्थिर राहायला शिकवले आहे. लांबचा प्रवास ती टगमागेच करते. नियोजित जागी पोहोचल्यावर दोर सुटतो, माणसे सोबतच्या जहाजावर जातात आणि कित्येक किलोमीटर दूर जाऊन थांबतात. त्यानंतर उपग्रहांच्या आधाराने ड्रोनशिप आपल्या बिंदूवर टिकून राहते आणि बूस्टरही त्याच बिंदूकडे येतो. दोघांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. दोघेही नेमून दिलेल्या अक्षांश-रेखांशाशी प्रामाणिक राहतात.

मी टगवरचा माणूस असल्याने मला यातले सर्वात अवघड काम ड्रोनशिपचे वाटते. बूस्टरजवळ इंजिने आहेत, वरच्या टोकाला दिशा देणाऱ्या टायटॅनियमच्या जाळीदार पंखांच्या जोड्या आहेत. ड्रोनशिपच्या वाट्याला येतो तो वारा, प्रवाह आणि लाट, आणि डेक सपाट ठेवणे तिच्या हातात नाही.

संध्याकाळी कोव्हमध्ये ग्रूपर मासा भाजून ब्रेडमध्ये घातलेला खाल्ला. भाचीने 'लाइम पाय' हा लिंबाचा गोड पदार्थ मागवला. बाहेरच्या सज्जात आमच्याशिवाय कोणी बसले नव्हते, कारण उत्तरेचा वारा कानात शिरत होता. फ्लोरिडा म्हणजे ऊन, या समजुतीने येणाऱ्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत वारा अडवणारे जाकीट अवश्य आणावे.

सोमवार : निरभ्र आकाश, पुढे ढकललेले उड्डाण

सकाळी आभाळ इतके स्वच्छ होते की क्षितिजाची रेघ कापल्यासारखी दिसत होती. रात्रीच्या उड्डाणासाठी याहून चांगले हवामान कोणते, असे भाची म्हणत असतानाच तिच्या फोनवर बातमी आली : उड्डाण पुढे ढकलले, कारण बूस्टर उतरण्याच्या ठिकाणचे हवामान.

या किनाऱ्यावरील उड्डाणांसाठी अमेरिकी अवकाश दलाचे 45 वे हवामान पथक अंदाजाचे पत्रक काढते. त्यात तळावरील ढग, विजा आणि वारा यांची टक्केवारी असतेच, पण खाली आणखी काही ओळी असतात आणि त्यांतली एक बूस्टर परत मिळवण्याच्या जागेच्या हवामानासंबंधी असते. तिथे धोका कमी, मध्यम की जास्त एवढेच लिहिलेले असते. येणाऱ्यांना माझी कळकळीची सूचना आहे की वरची टक्केवारी पाहून थांबू नये, ही ओळ वाचावी. आदल्या दिवशीपासून तिथे 'जास्त' लिहिलेले होते, आणि मला त्याचे कारण समजत होते. थंड हवेची आघाडी फ्लोरिडा ओलांडून पुढे समुद्रावर गेली होती. तिच्या मागून येणारा उत्तरेचा वारा गल्फ स्ट्रीमवर वाहत होता, आणि हा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. लांब लाटेवर जड बार्ज शांतपणे वरखाली होते. आखूड, उभ्या लाटेत ती ठेचकाळते. किनाऱ्यावरचे निळे आकाश अशा वेळी अगदी चुकीची साक्ष देते.

खवळलेल्या समुद्रात उतरण्याचे धोके बूस्टरच्या बांधणीतूनच येतात. त्याला नऊ मर्लिन इंजिने असतात. वातावरणात शिरताना त्यांतली तीन पेटतात आणि शेवटच्या टप्प्यात बहुधा एकच. इंधन संपत आलेला बूस्टर इतका हलका असतो की ते एक इंजिन कमीत कमी जोरावर ठेवले तरी त्याचा रेटा बूस्टरच्या वजनापेक्षा जास्त भरतो. म्हणजे हेलिकॉप्टरसारखे डेकवर तरंगत थांबून, लाट खाली जाण्याची वाट पाहून मग टेकणे शक्यच नाही. वेग शून्य होण्याचा क्षण आणि डेक गाठण्याचा क्षण एकच असावा लागतो. तेवढ्यात डेक मीटरभर वर आला तर पायांना हिसका बसतो, खाली गेला तर बूस्टर तेवढा पडतो. हे सोसण्यासाठी पायांमध्ये ॲल्युमिनियमचा मधाच्या पोळ्यासारखा चुरडणारा गाभा ठेवलेला असतो. एकदा चुरडला की तो बदलावा लागतो. मे 2016 मध्ये थायकॉम 8 उपग्रहाच्या उड्डाणानंतर हा गाभा इतका दबला की बूस्टर एका बाजूला कललेल्या अवस्थेतच बंदरात आला होता.

समुद्रासाठी थांबायचे की नाही, हा निर्णय नेहमी सारखा नसतो. 11 फेब्रुवारी 2015 रोजी डिस्कव्हर हा सौर हवामान पाहणारा उपग्रह सोडायचा होता आणि उतरण्याच्या जागी लाटा तीन मजल्यांइतक्या उसळत होत्या. त्यातच ड्रोनशिपच्या चार इंजिनांपैकी एक बंद पडले होते. उपग्रहाचे काम महत्त्वाचे होते, म्हणून ड्रोनशिपला मागे बोलावण्यात आले आणि बूस्टर समुद्रातच उभा टेकवून सोडून देण्यात आला. लक्ष्यापासून तो दहा मीटरच्या आत उतरला होता. त्या काळी एकही बूस्टर अजून परत मिळालेला नव्हता. आज एकेका बूस्टरने तीसहून अधिक उड्डाणे केली आहेत, त्यामुळे कंपनीच्या स्वतःच्या स्टारलिंक उपग्रहांसाठी दोन दिवस थांबणे तिला सहज परवडते. ब्लू ओरिजिन या प्रतिस्पर्धी कंपनीनेही जानेवारी 2025 मध्ये आपल्या न्यू ग्लेन रॉकेटचे पहिलेच उड्डाण अटलांटिक खवळला म्हणून पुढे नेले होते.

दुपारी जेटी पार्कच्या धक्क्यावर एक वयस्कर गृहस्थ गळ टाकून बसले होते. माझ्या हातातली दुर्बीण आणि तोंडचा टगचा विषय ऐकून त्यांनीच बोलायला सुरुवात केली. ते स्पेस शटलच्या काळात बूस्टर गोळा करणाऱ्या नौकांवर पाणबुडे होते. मी त्यांना माझे काम सांगितल्यावर त्यांनी गळ बाजूला ठेवला, आणि पुढचे दोन तास माझ्या या प्रवासातले सर्वात मोलाचे ठरले.

'लिबर्टी स्टार' आणि 'फ्रीडम स्टार' अशा त्या दोन नौका. शटलचे घन इंधनाचे दोन बूस्टर, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर लांब, किनाऱ्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर तीन-तीन मोठ्या पॅराशूटवर ताशी सुमारे 80 किलोमीटर वेगाने पाण्यात पडत. शेपटीकडून पाण्यात शिरल्याने रिकाम्या नळकांड्यात हवा कोंडली जाई आणि बूस्टर पाण्यात उभा तरंगत राही. वर दिसे ते फक्त त्याचे टोक. मग पाणबुडे तीसहून अधिक मीटर खाली जाऊन नोझलच्या, म्हणजे इंजिनाची आग बाहेर पडते त्या नळीच्या, तोंडात एक मोठे बूच बसवत, नौकेवरून त्यातून हवा आत सोडली जाई, आतले पाणी बाहेर पडे आणि बूस्टर हळूहळू आडवा होई. हे सगळे सांगताना त्यांचे दोन्ही हात बूच धरल्यासारखे पुढे आले होते. लाटेत बूस्टर वरखाली होतो, म्हणजे पाण्याखाली त्याचे तोंडही तेवढेच वरखाली होते, आणि माणसाने त्याच्याबरोबर वरखाली व्हायचे, त्याच्या खाली मात्र कधीही जायचे नाही, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितले. समुद्र खवळला की ते नौकेवर बसून वाट पाहत. आडवा झालेला बूस्टर मग ओढत आणायचा, बंदराच्या तोंडाशी नौकेच्या कुशीला बांधायचा आणि कॅनाव्हरलच्या लॉकमधून, म्हणजे दोन्हीकडे दारे असलेल्या जलमार्गातून, बनाना रिव्हरमध्ये न्यायचा. कुशीला बांधून नेणे म्हणजे काय हे त्यांना मला समजावून सांगावे लागले नाही, आणि त्याचा त्यांना आनंद झाला.

'आम्ही आडवे आणायचो, हे उभे आणतात,' असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात हेवा मुळीच नव्हता. उभा बूस्टर खारे पाणी पीत नाही. त्यांच्या बूस्टरचे प्रत्येक वेळी भाग सुटे करून, धुऊन, घासून पुन्हा बांधावे लागत.

मंगळवार : केनेडी अवकाश केंद्र

दिवसभर अभ्यागत केंद्रात गेला. तिकीट आधी काढून ठेवावे आणि सकाळी दार उघडतानाच आत शिरावे, याहून अधिक सांगण्याची गरज नाही. माझे पाय अटलांटिस शटलच्या इमारतीसमोर खिळले, कारण प्रवेशद्वारावरच तांबूस बाह्य टाकी आणि दोन पांढऱ्या बूस्टरांच्या पूर्णाकृती प्रतिकृती उभ्या आहेत. आदल्या दिवशीचे वर्णन डोक्यात ताजे होते. त्या उंचीचा खांब पाण्यात बुडून केवळ टोक वर, आणि तळाशी बूच घेतलेली माणसे, असे चित्र तिथे उभे राहून मनात जुळवता आले. 1982 मध्ये शटलच्या चौथ्या मोहिमेत पॅराशूट दगावली आणि दोन्ही बूस्टर बुडाले, ही हकिकत मला त्याच गृहस्थांनी सांगितली होती.

आत चॅलेंजर आणि कोलंबियाच्या अंतराळवीरांचे स्मृतिदालन आहे. कल्पना चावला यांच्या वस्तूंसमोर भारतीय पर्यटक बराच वेळ थांबतात, आम्हीही थांबलो. पण मला चॅलेंजरसंबंधी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती समुद्राशी जोडलेली आहे. 28 जानेवारी 1986 च्या उड्डाणाआधी बूस्टर गोळा करणाऱ्या नौका वादळी वाऱ्यात आणि उंच लाटांत सापडल्या होत्या आणि स्वतःला सांभाळत किनाऱ्याकडे सरकत होत्या. आदल्या रात्री ही बाब वरिष्ठांपुढे आली. समुद्राची अवस्था उड्डाण थांबवण्याचे कारण धरली जात नव्हती. पॅराशूट आणि काही भाग गमवावे लागतील हा धोका पत्करण्यात आला. पुढे चॅलेंजर उड्डाणातच नष्ट झाले, पण त्याचे कारण लाटा नव्हत्या. थंडीने ताठरलेली रबरी कडी उजव्या बूस्टरच्या सांध्यातली गळती रोखू शकली नाही. तरीही मला वाटते की समुद्रावरच्या माणसांची खबर हा तपशील मानायचा की इशारा, हा प्रश्न त्या रात्री विचारायला हवा होता. नंतर त्याच बूस्टरचा निकामी झालेला भाग समुद्रतळातून वर काढावा लागला आणि त्यावरूनच कारणाची खात्री पटली. सोमवारच्या निरभ्र आकाशाखाली उड्डाण थांबले तेव्हा भाची खट्टू झाली होती. या दालनातून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, 'मामा, थांबले ते बरेच झाले.'

बुधवार : उड्डाण

अंदाजाच्या पत्रकातली ती ओळ 'जास्त'वरून 'मध्यम' आणि दुपारी 'कमी' झाली. रात्री आम्ही पुन्हा जेटी पार्कवर गेलो. 40 क्रमांकाचा प्रक्षेपणतळ तिथून उत्तरेला सरळ रेषेत सतरा-अठरा किलोमीटरवर आहे. उजेड आधी येतो आणि आवाज पोहोचायला पाऊण मिनिटाहून जास्त वेळ लागतो. टायटसविल गावातला मॅक्स ब्रुअर पूल ही दुसरी चांगली जागा, पण बंदराची वर्दळ पाहायची असेल तर जेटी पार्कच.

क्षितिजावर नारिंगी प्रकाश फुलला, समुद्राचा पृष्ठभाग दिसू लागला आणि धक्क्यावरची सर्व माणसे एकदम गप्प झाली. मग गडगडाट आला, आणि तो लाकडी फळ्यांमधून पायांना आधी कळला. अडीच मिनिटांनी टप्पे विलग झाल्याचे दोन ठिपके दुर्बिणीतून दिसले. लोक टाळ्या वाजवून निघाले. त्या गृहस्थांनी मात्र सोमवारीच सांगून ठेवले होते की जाऊ नका, आग्नेयेला अगदी खाली बघत राहा. सहा मिनिटे उलटल्यावर तिथे एक ठिपका पुन्हा पेटला, काही क्षण जळला आणि विझला. बूस्टर वातावरणात शिरताना तीन इंजिने पेटवून वेग कमी करत होता. आग ओकत खाली येणारी ती वस्तू उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि मला भरून आले.

त्यापुढचे किनाऱ्यावरून दिसत नाही, हे येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. जमिनीवर परतणाऱ्या बूस्टरचे उतरणे दिसते आणि त्याचा ध्वनिस्फोटही ऐकू येतो. ड्रोनशिपवरचे उतरणे क्षितिजापलीकडे होते. आम्ही भाचीच्या फोनवर पाहिले. डेक हळूहळू झुलत होता, कडेने फेसाचे पट्टे जात होते, आणि धुराच्या लोटातून चार पाय टेकले.

गुरुवार ते शनिवार : वाट पाहणे

लोकांच्या लेखी मोहीम इथे संपते. माझ्या लेखी ती इथून पुढे चालू झाली.

रिकामा बूस्टर सुमारे पंचवीस टनांचा असतो. नऊ इंजिने तळाशी असल्याने त्याचे वजन खाली असते आणि पायांचा पसारा अठराएक मीटर असतो, त्यामुळे दिसतो तितका तो अस्थिर नाही. पण तो डेकवर नुसता उभा असतो. सुरुवातीच्या काळात खलाशी आधी जहाजावरून डेकवर चढत, बूस्टरखाली जॅक लावून साखळ्यांनी तो आवळत आणि पायांच्या टाचांवर पोलादी पट्ट्या डेकला वेल्डिंग करून टाकत. झुलणाऱ्या डेकवर, उरलेला ऑक्सिजन बाहेर सोडणाऱ्या रॉकेटखाली जाऊन वेल्डिंग करणाऱ्या त्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. 2017 पासून हे काम बरेचसे ऑक्टाग्रॅबर नावाचे यंत्र करते. डेकच्या एका टोकाला आगीपासून बचाव करणाऱ्या खोलीत ते दबून बसते, बूस्टर उतरल्यावर पट्ट्यांच्या चाकांवर सरकत त्याच्या पोटाखाली जाते आणि तळाच्या चार जागी घट्ट पकडते. यंत्राचे स्वतःचे वजन बूस्टरला खाली खेचून धरते.

तरीही समुद्र आपला हक्क सोडत नाही. एप्रिल 2019 मध्ये तीन बूस्टर एकत्र बांधलेल्या फाल्कन हेवी रॉकेटचा मधला भाग अरबसॅट 6ए उपग्रहाच्या उड्डाणानंतर ड्रोनशिपवर व्यवस्थित उतरला होता. त्याच्या तळाची ठेवण वेगळी असल्याने ऑक्टाग्रॅबरला तो धरता येत नव्हता, लाटा वाढत गेल्या, माणसांना डेकवर पाठवणे धोक्याचे झाले आणि परतीच्या वाटेवर तो आडवा झाला. त्याहून मनाला लागणारी घटना 2023 च्या नाताळातली. ज्या बूस्टरने मे 2020 मध्ये बॉब बेंकन आणि डग हर्ली यांना अंतराळात नेले, तो 1058 क्रमांकाचा बूस्टर एकोणिसाव्या उड्डाणानंतर सुखरूप उतरला आणि परत येताना जोराच्या वाऱ्यात व लाटांत कोसळला. 'जस्ट रीड द इन्स्ट्रक्शन्स' ही दुसरी ड्रोनशिप बंदरात आली तेव्हा तिच्यावर तुटलेला तळ आणि इंजिने तेवढी उरली होती. नव्या बूस्टरांचे पाय डेकच्या कलाप्रमाणे स्वतःची पातळी साधू शकतात, जुन्याला ती सोय नव्हती, असे कंपनीने तेव्हा सांगितले. एकोणीस वेळा आगीतून आलेली वस्तू शेवटी लाटेने नेली, हे मला कोणत्याही स्फोटापेक्षा अधिक बोलके वाटते.

त्या तीन दिवसांत जहाजे दाखवणाऱ्या ॲपवर टगचा ठिपका पाहणे हाच आमचा उद्योग होता. असे ॲप फोनवर अवश्य घ्यावे. त्यात ड्रोनशिपऐवजी तिला ओढणाऱ्या जहाजाचे नाव शोधावे लागते. ठिपका ताशी दहा-बारा किलोमीटरने सरकत होता. शुक्रवारी दुसरी, सौम्य आघाडी आली तेव्हा त्याने वेग आणखी कमी केला आणि आपला रोख किंचित बदलला. लाट कुशीवर न घेता तिरकी घ्यायची, वेळ गेला तरी चालेल, असा तो कोणा कप्तानाचा निर्णय नकाशावर स्वच्छ वाचता येत होता. मी ते भाचीला समजावून सांगितले आणि ती त्यानंतर दर तासाला मला फोन दाखवू लागली.

मधल्या वेळात टायटसविलला जाऊन रॉक श्रिंप खाल्ली. या कोळंबीचे कवच इतके टणक असते की पूर्वी कोळी ती फेकून देत; इथल्याच एका कुटुंबाने कवच चिरण्याचे यंत्र बनवले आणि तिला बाजार मिळाला. लोण्यात भाजलेली ती कोळंबी चवीला शेवंडीच्या जवळ जाते. संध्याकाळी मोटेलवर बेननी खिचडी-कढी पाठवली.

शुक्रवारी सकाळी 'बॉब' हे जहाज बंदरात शिरले. ते आणि त्याची जोडीदार 'डग' ही त्याच दोघा अंतराळवीरांच्या नावाची आहेत. त्याच्या डेकवर रॉकेटच्या टोकावरील आवरणाचे दोन अर्धे भाग झाकून ठेवलेले होते. पॅराशूटने पाण्यात उतरलेले ते भाग क्रेनने उचलून घेतात. पूर्वी जहाजावर मोठे जाळे ताणून ते हवेतच झेलण्याचा प्रयत्न होत असे, पण वारा आणि लाटा यांच्या खेळात ते फार वेळा हुकले आणि भिजलेले भाग वाळवून वापरणेच सोपे ठरले.

रविवार : आगमन

पहाटेपासून धक्क्यावर पाच-सहा माणसे होती, त्यांत आमचे गृहस्थही. ऊन वर आले तेव्हा क्षितिजावर एक काडी दिसली. काडी जाड होत गेली, खाली डेक आला, पुढे टग दिसली. बंदराच्या तोंडाशी लांब दोर आखडून घेतला गेला, मागून दुसरी टग येऊन चिकटली, आणि मग तो सगळा लवाजमा आमच्यासमोरून इतक्या सावकाश गेला की मला हवे ते सगळे पाहता आले.

बूस्टरचा खालचा भाग काजळीने काळा झालेला होता. वरच्या ऑक्सिजनच्या टाकीवर जमलेल्या हिमामुळे तिथे काजळी कमी बसते, म्हणून मध्यावर काळ्या-पांढऱ्याची स्पष्ट सीमा दिसत होती. पोटाखाली ऑक्टाग्रॅबरचे चारही हात घट्ट होते. डेकच्या एका कोपऱ्यावर रंग उडून मिठाचा पांढरा थर बसला होता, लाट कोणत्या बाजूने आली ते त्यावरून कळत होते, आणि ती तिरकीच आली होती. माझी नजर टगवरच्या माणसांवर गेली. तीन दिवस नीट झोप न झालेले खलाशी जसे उभे राहतात तसे ते एका पायावर भार टाकून उभे होते. मी हात उंचावला, त्यांतल्या एकाने टोपी काढली.

दुपारी कोव्हमधून क्रेनचे काम पाहिले. बूस्टरच्या टोकावर उचलण्याची टोपी बसवली जाते, ऑक्टाग्रॅबर पकड सोडतो आणि अख्खा बूस्टर उभाच उचलून धक्क्यावरच्या बैठकीवर ठेवतात. वारा ठरावीक मर्यादेपुढे गेला की हेही थांबते; त्या दिवशी तासभर थांबले होते.

सोमवार : शेवटचा टप्पा

सकाळी चारही पाय एकेक करून वर मिटले गेले. पूर्वी ते काढूनच ठेवावे लागत, त्यात दिवस जात. मग बूस्टर दोन क्रेनांनी आडवा होऊन अनेक चाकांच्या वाहनावर निजला आणि केनेडी केंद्राच्या दिशेने दुरुस्तीशाळेकडे रवाना झाला. ड्रोनशिपच्या डेकवर तोवर माणसे पाण्याचे फवारे मारून मीठ धूत होती, कारण पुढच्या उड्डाणासाठी तिला दोनच दिवसांत पुन्हा बाहेर पडायचे होते.

ज्यांना हे पाहायचे असेल त्यांनी हाताशी निदान दहा दिवस ठेवावेत, दुर्बीण न्यावी, आणि हिवाळा टाळू नये. उन्हाळ्यात समुद्र तुलनेने शांत असतो, पण दुपारच्या विजांमुळे उड्डाणे तेव्हाही ढकलली जातात. आता बंदरात ब्लू ओरिजिनची 'जॅकलिन' ही ड्रोनशिपही आली आहे. न्यू ग्लेनचा बूस्टर फाल्कनपेक्षा बराच मोठा, सुमारे 57 मीटर उंच आणि सात मीटर व्यासाचा, आणि 13 नोव्हेंबर 2025 रोजी तो पहिल्यांदा तिच्यावर उतरला आणि नंतर याच खाडीमुखातून आत आला. त्या आकाराचा खांब हिवाळ्याच्या आखूड लाटेत कसा आणतात ते पाहण्यासाठी मला पुन्हा यायचे आहे, आणि बेननी खोली ठेवण्याचे कबूल केले आहे.